डावा पाट

चार वर्षं मी त्या जागी राहिलो आणि चार वर्षं मला एकच प्रश्न विचारला गेला. आंघोळ झाली का? देव आहे असं तुला वाटतं का, हे कुणी विचारलं नाही. वाटत नसेल तर का वाटत नाही, हे तर नाहीच नाही. मी उत्तर तयार ठेवून होतो. रोज सकाळी ओल्या पंच्याने घाट चढताना ते उत्तर मनात एकदा घोळवून घ्यायचो. दाराशी कुणीतरी उभं असायचंच. "झाली का रे आंघोळ?" मी म्हणायचो, "झाली." संपलं.

आता या वयात त्यावर चिडायचं काही कारण नाही. पण परवा मिरजेला डोळे दाखवायला गेलो होतो, तिथून सांगलीची एसटी धरली, नदीकडच्या गल्लीत शिरलो आणि ती इमारत दिसल्याबरोबर पहिल्यासारखाच चिडलो.

दारावर आता बालवाडीची पाटी आहे. आत गेलो तर पुढच्या सोप्यात पोरं ओळीनं बसून काहीतरी म्हणत होती आणि चुलीवर खिचडी शिजत होती. खिचडीत हळद जरा जास्तच पडली असावी. त्या वासानं मी दारातच थांबलो. बालवाडीच्या बाई पदराला हात पुसत पुढं आल्या. "कुनाला भेटायचंय, आजोबा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कुणाला नाही. इथं शिकायला होतो." त्यांनी माझ्याकडं एकदा नीट पाहिलं. "हितं? बालवाडीत?" असं म्हणून त्या हसल्या आणि आत या म्हणाल्या.

मधल्या चौकात सगळं बदललेलं होतं. तुळस नव्हती, विहिरीवर लोखंडी जाळी होती. पण कोपऱ्यात भांड्यांच्या उतरंडीशेजारी दोन पाट होते. लांबरुंद, शिसवी, तेलकट काळे. एकाच्या कडेला पितळी फुल्या ठोकलेल्या. दुसऱ्याला फुल्या नाहीत, आणि त्याच्या खालची एक पट्टी झिजलेली. बाईंनी खिचडीचं पातेलं चुलीवरून उतरवून त्यावर ठेवलं आणि ते एका अंगाला कललं. तो माझा पाट.

मी खिशात हात घातला. खिशात सुपारी होती. ती का होती ते पुढं सांगतो.

त्या काळी दारावर काळ्या लाकडाची पाटी होती आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत 'विद्यापीठ' असं लिहिलेलं होतं. विद्यार्थी आम्ही मोजून बावीस. पण गुरुजी म्हणत, "विद्येचं पीठ आहे, मग दुसरं काय म्हणायचं?" गुरुजी म्हणजे तिथले मुख्य शास्त्री. उंच, काटकुळे, डोळ्यांवर एका काडीचा चष्मा. दुसऱ्या काडीच्या जागी दोरा. न्यायशास्त्र शिकवत. पुढे सरकत सरकत वर्ग संपताना ते आमच्या अगदी मांडीपाशी आलेले असत. सांगलीतल्या सगळ्यांच्या मनाविरुद्ध त्यांनी शेतकऱ्यांच्या पोरांना दार उघडलं होतं, आणि त्या दारातून आत आलेला पहिला पोरगा मी. वेदाचा वर्ग माझ्यासाठी नव्हता. न्याय होता, काव्य होतं. पंगतीत माझं पान ओळीच्या शेवटी, मध्ये एका पानाची जागा सोडून. त्याबद्दलही मला कुणी काही विचारलं नाही.

आमचं घर कोरेगावच्या बाजूला. आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीतून हवालदार होऊन आलेले. पहिल्या जर्मन लढाईत इराकातल्या बसऱ्याला होते. आमच्या घरात देवघर नव्हतं. देवळीत आबांच्या पलटणीचा फोटो होता, त्याला दसऱ्याला झेंडू वाहायचे, बास. आबा कधीतरी रंगात आले की म्हणत, "तितं गोळ्या लागल्या तवा समद्यांनी आपापल्या द्येवाला हाका मारल्या. आन् मेली ती समद्यांतलीच." आईचा खंडोबाचा टाक होता, तो ती धान्याच्या कणगीत लपवून ठेवायची. आबांना ते ठाऊक होतं. ते कणगीत हात घालत नसत. अशा घरात वाढलेला मी, साताऱ्याच्या हायस्कुलात संस्कृतात पहिला आलो आणि पुढं कॉलेज झेपण्यासारखं नव्हतं. मास्तरांनीच ही जागा सुचवली. राहणं, जेवणं, शिकणं, सगळं तिथंच. आणि शेवटी गुरुजींच्या सहीचं प्रमाणपत्र, ज्यावर हायस्कुलात संस्कृत शिकवायची नोकरी मिळे.

मी आबांना म्हटलं, "तिथं सकाळ-संध्याकाळ देवाचं करावं लागतं. माझा नाही विश्वास."

आबा गोफणीला वादी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "आरं, तुजा इस्वास हाय का न्हाई ह्ये कुनी इचारलंय का तुला? शिकाय मिळतंय न्हवं? मग शीक की."

तेव्हा मला वाटलं, आबांना यातलं काही कळत नाही. चार वर्षांत कळलं की त्या जागेबद्दल सगळ्यात खरं तेच बोलले होते.

माधवनगरच्या स्टेशनात मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा गिरणीचा भोंगा झाला. तिथून सांगलीपर्यंत वळकटी डोक्यावर घेऊन चालत गेलो. पुढची चार वर्षं तो भोंगा माझ्या मानेवर बसलेला होता. विद्यापीठात घड्याळ होतं, पण ते कुणी मानत नसे. शास्त्रात सांगितलेल्या पहाटेच्या घटिका मोजण्यापेक्षा माधवनगरच्या गिरणीचा पहिला भोंगा ऐकणं सोपं होतं. वारा उत्तरेचा असला की तो थेट उशाशी वाजायचा. मग बावीसजणांची खोकत, जांभया देत घाटाकडे रांग. देवासाठी उठतोय म्हणणारी ही सगळी मंडळी सूत कातणाऱ्या कामगारांच्या हाकेनं उठतात, हे मी एकदा बोलून दाखवलं. कुणी रागावलं नाही. एकजण म्हणाला, "हो, खरंच की." आणि पाण्यात उतरला.

तिथं हाच माझा वैताग होता. दगड मारावा आणि तो चिखलात रुतावा, आवाजसुद्धा होऊ नये.

कृष्णेचं पाणी मात्र मला आवडायचं. पौषात पायरीवर पाऊल ठेवलं की टाचेतून कळ थेट मस्तकात जायची. पाण्यावर वाफ असायची आणि पलीकडचा काठ दिसायचा नाही. श्रावणात नदी चढून देवळाच्या ओट्याला लागायची, मग विहिरीवरच आंघोळी. लाल पाण्याचा वास, वाहून आलेल्या कडब्याच्या पेंढ्या, ओट्यावर येऊन बसलेले विंचू. फाल्गुन लागला की सगळी सांगली हळदीनं पिवळी व्हायची. वखारींतून पोती निघायची, हमालांच्या पापण्यांवर हळद, बैलांच्या शिंगांवर हळद. वाळत घातलेली आमची धोतरं संध्याकाळी काढावीत तर नवरदेवासारखी. हरिपूरच्या रस्त्यावर चिंचांच्या सावलीतून आम्ही रविवारी पाठांतर करत जायचो. गाभुळलेली चिंच तोंडात, त्यामुळे अर्ध्या सूत्रांना आंबट चव. आजही काही व्याख्या आठवल्या की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. हे सगळं मी मनापासून भोगलं. फक्त संध्याकाळी कापूर पेटला, सगळ्यांचे हात जोडले गेले, की मी माझ्या जोडलेल्या हातांकडे पाहत उभा राहायचो. ते दुसऱ्या कुणाचे असावेत असं वाटायचं.

पहिल्या वर्षीच्या दिवाळीनंतर मला राहवेना. दुपारी गुरुजी एकटे पोथी बांधत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि पाठ केल्यासारखं म्हणून टाकलं, "गुरुजी, माझा देवावर विश्वास नाही."

त्यांनी पोथीच्या फडक्याला गाठ मारली. चष्म्याचा दोरा कानामागे नीट केला.

"आंघोळ झाली का?"

"झाली."

"मग बैस."

मी बसलो. आता विचारतील, मग विचारतील, म्हणून वाट पाहत राहिलो. त्यांनी दुसरी पोथी उघडली, एक पान शोधलं आणि म्हणाले, "या पौर्णिमेपासून डाव्या पाटावर तू बसत जा. तिथं कुणी बसायला तयार नसतं."

दर पौर्णिमेला दुपारी चौकात वाक्यार्थसभा भरे. म्हणजे शास्त्रातल्या एखाद्या मुद्द्यावर दोघांनी सर्वांसमोर वाद करायचा. उजव्या पाटावर बसणाऱ्यानं सिद्धान्त मांडायचा. डाव्या पाटावर बसणाऱ्यानं तो खोडायचा, त्याला पूर्वपक्ष म्हणतात. दोघांसमोर एकेक सुपारी. वाद संस्कृतात. आणि शेवट ठरलेला. काही झालं तरी डाव्यानं आपली सुपारी उजव्याकडे सरकवायची आणि म्हणायचं, 'अंगीकृतम्'. मान्य आहे. मग सगळ्यांना गूळ-खोबरं. ही रीत तिथं गुरुजींच्या गुरूंच्याही आधीपासूनची. देव आहे की नाही हा वाद वर्षातून दोन-तीनदा यायचाच, आणि देव नाही हे म्हणायला नेहमी मी.

पहिल्यांदा मला केवढा आनंद झाला. म्हटलं, आता बोलायला मिळालं. आणि बोललोही. मनातलं सगळं काढलं, आबांच्या बसऱ्यापर्यंत सगळं, संस्कृतात. लोक माना डोलवत होते. "वा, पूर्वपक्ष छान मांडला," असं एक म्हातारे शास्त्री म्हणाले. जसं नाटकात राक्षसाचं काम छान झालं म्हणावं. आणि शेवटी सगळ्यांचे डोळे माझ्या सुपारीकडे. मी ती सरकवली. पाट झिजल्या पट्टीवर डुगडुगला आणि कुणीतरी हसलं.

असं चार वर्षं. मी खरोखरचा नास्तिक, आणि तिथं नास्तिक असणं हे एक सोंग होतं, वर्षातून दोन-तीनदा वठवायचं. मला रागावायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती. हाकलून दिलं असतं तर मी गावाकडं जाऊन ताठ मानेनं सांगितलं असतं. त्यांनी पाट दिला, सुपारी दिली आणि माझ्या नाही म्हणण्याची वेळ ठरवून दिली.

उजव्या पाटावर बहुतेक वेळा दत्तू असायचा. दत्तू म्हैसाळचा. वडील लहानपणी गेलेले, आई आणि मोठी बहीण दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करून राहायच्या. बहिणीला तो अक्का म्हणे आणि दिवसातून दहादा तिचं नाव काढे. पाठांतर असं की विहिरीत पोहरा सोडावा आणि भरूनच यावा. पण स्वतःचं म्हणून काही सुचायचं नाही, आणि हे त्याला ठाऊक होतं. पंगतीत त्याचं पान माझ्या आधीचं, म्हणजे मधल्या रिकाम्या जागेच्या पलीकडचं. वाढणाऱ्या काकूंची पाठ फिरली की तो ती जागा ओलांडून माझ्या पानात लोणच्याची फोड टाकायचा.

दुसऱ्या लढाईचे दिवस होते. रेशनची ज्वारी यायची आणि तिच्यात खड्यांचीच भर. आम्हा दोघांवर निवडायची पाळी होती. चौथ्या वर्षाचा माघ असेल, चौकात उन्हाला सुपं घेऊन बसलो होतो. दत्तू निवडता निवडता पुढच्या सभेचं घोकत होता. नेहमीचंच. घडा आहे म्हणजे कुंभार आहे. घडवलेल्या प्रत्येक वस्तूला घडवणारा असतो. जगही घडवलेलं, म्हणून त्यालाही घडवणारा आहे, आणि तोच ईश्वर. घोकता घोकता त्यानं एक खडा उचलून टाकला आणि माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं.

मी म्हटलं, "दत्तू, हा खडा आहे हे तुला कशावरून कळलं?"

"म्हणजे? बाजूला ज्वारी आहे की."

"आणि सुपात सगळे खडेच असते तर?"

"तर कशाला निवडलं असतं?"

"मग जग घडवलेलं आहे हे तुला कशावरून कळलं? घडवलेलं ओळखायला शेजारी न घडवलेलं काही लागेल की नाही? सगळंच घडवलेलं असेल तर न घडवलेली एक वस्तू दाखव. मग मानतो."

दत्तूचा हात सुपात तसाच राहिला. त्याच्या ओठांची हालचाल चालू होती, पाठ केलेल्यातलं काही सापडतंय का ते तो शोधत होता. सापडलं नाही. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. चार वर्षांत पहिल्यांदा दगड मारला आणि आवाज झाला.

संध्याकाळी घाटावर धोतरं पिळताना तो जवळ आला. "गड्या, ते ज्वारीचं चैत्रातल्या सभेत काढू नकोस. व्यवस्थापक मंडळी येणार आहेत त्या दिवशी. गुरुजींच्या हाताखाली एक अध्यापक नेमायचाय. माझं नाव आहे. अक्काला मी कळवूनसुद्धा बसलोय." धोतर झटकत म्हणाला, "तुला काय, तुला शेवटी सुपारी सरकवायचीच आहे."

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.

चैत्री पौर्णिमेला चौकात चटया घातल्या होत्या. हवेत हळद, उकाडा, वाळ्याच्या पाण्याचा वास. लोडाला टेकून तीन व्यवस्थापक बसलेले. मी जाऊन डाव्या पाटावर बसलो आणि दचकलो, कारण पाट डुगडुगला नाही. खाली बघितलं तर झिजल्या पट्टीखाली पळसाचं पान घडी घालून सरकवलेलं. समोर दत्तू मान खाली घालून उपरण्याचं टोक पिळत होता. ते त्याचंच काम.

वाद सुरू झाला. नेहमीचे डाव, नेहमीचे पेच. दत्तू घड्यापाशी आला, कुंभारापाशी आला, आणि तिथं थांबून त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. पहिला शब्द जिभेवर आलेलाच होता. गुरुजी खांबाला टेकून बसले होते, ते एकदम पुढे सरकले, वर्गात सरकायचे तसे. चष्म्याचा दोरा त्यांनी बोटाला गुंडाळला. चौकात चिमणीचा आवाज येत होता तेवढाच.

मी तोंड मिटलं. सुपारी सरकवली. म्हटलं, "अंगीकृतम्."

गूळ-खोबरं वाटलं गेलं. व्यवस्थापकांनी दत्तूच्या पाठीवर हात ठेवला.

दत्तूसाठी गप्प बसलो, असं मी स्वतःला पुढं किती वर्षं सांगत होतो. त्यात खोटं काही नाही, पण ते पुरतं खरंही नाही. माझ्या प्रमाणपत्रावर दुसऱ्या दिवशी सही व्हायची होती. व्यवस्थापकांसमोर सुपारी अडवून बसलेल्या कुणब्याच्या पोराला ती मिळाली असती की नाही, कोण जाणे. मी भ्यालो होतो. चार वर्षं 'मला विचारा, मला विचारा' म्हणून जीव काढला, आणि बोलायची एकच खरी वेळ आली तेव्हा भ्यालो.

सभा उठल्यावर मी विहिरीवर हात धूत होतो. गुरुजी मागं येऊन उभे राहिले.

"उत्तर होतं ना तुझ्याजवळ?"

"होतं."

"मग?"

"रीत आहे, गुरुजी."

"रीत मला ठाऊक आहे." त्यांनी माझा ओला हात धरून त्यात माझी सुपारी ठेवली. "ही तू सरकवलेली नाहीस. नुसती ठेवलीस. उद्या सकाळी वर्गाआधी ये आणि उत्तर सांग. मी देतो त्याला उत्तर. मग वाटलं तर सरकव, नाही वाटलं तर नको."

मला त्या क्षणी कृतज्ञ वाटायला हवं होतं. मला संताप आला. पहिल्याच वर्षी मी त्यांच्यासमोर उभा राहून सांगितलं तेव्हा यांनी आंघोळीचं विचारलं. दर पौर्णिमेला सगळ्यांच्या देखत मला हरवलं. आणि आता, सगळं आटोपल्यावर, विहिरीच्या कडेला, कुणी ऐकत नसताना विचारतात. दुसऱ्या दिवशी कार्यालयातून सही झालेलं प्रमाणपत्र घेतलं, त्यांच्या खोलीवरून गेलो, दार उघडं होतं, आत चटई अंथरलेली दिसली. मी थांबलो नाही. चार वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा आंघोळ न करता बाहेर पडलो. नेमकं त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

पावसाळा संपता संपता गुरुजींचं कार्ड आलं. मी तेव्हा साताऱ्याच्या एका शाळेत लागलो होतो. कार्डावर एकच ओळ, बारीक अक्षरात. 'उत्तर आले नाही.' मी ठरवलं, पत्रात लिहिण्यासारखं नाही, दिवाळीत समक्ष जाऊ. दिवाळीत गावाकडं ऊसतोडीची गडबड निघाली. मग म्हटलं, मेमध्ये. खरं म्हणजे माझा रुसवा अजून संपला नव्हता, आणि तो मी जपत होतो. मार्चात दत्तूचं कार्ड आलं, त्याचा एक कोपरा फाडलेला. गुरुजी गेले, हे वाचायच्या आधीच कळलं. मला रडू आलं नाही. राग आला, आणि या वेळी तो कुणावर काढायचा ते कळेना. आबा तेव्हा माझ्याकडं आलेले होते. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मानूस वाट बगत हुता म्हन की." बस, एवढंच.

दत्तू पुढं बरीच वर्षं तिथं शिकवत होता, विद्यापीठ बंद पडेपर्यंत. एकदा मिरजेच्या फलाटावर अचानक भेटला. दोघांचेही केस पिकलेले. त्यानं पिशवीतून पेरू काढून दिला आणि गाडी हलता हलता, मोठा उपकार सांगावा तसा म्हणाला, "तुझं ते ज्वारीचं मी कधी कुणाला सांगितलं नाही, बरं का. गुरुजींनीसुद्धा शेवटच्या आजारात दोनदा विचारलं होतं, त्याच्याजवळ काय होतं रे म्हणून. नाही सांगितलं. म्हटलं, ज्याचं त्यानं सांगावं."

गाडी सुटली. मी पेरू हातात धरून कितीतरी वेळ उभा होतो. दत्तूच्या अंगात कपट नव्हतं. असतं तर किती बरं झालं असतं.

आता या सगळ्यातलं सर्वांत लाजिरवाणं सांगतो. माझं ते उत्तर काही फार मोठं नव्हतं. पंचवीस-तीस वर्षं ते मी छातीशी धरून होतो. मग एकदा शाळेत मुलांना पंचमहाभूतं शिकवत होतो, आणि फळ्याकडे वळून खडू टेकवला तर हात थांबला. न घडवलेली एक वस्तू दाखव. आकाश. आपल्याच शास्त्रात आकाश कुणी घडवलेलं नाही, ते नित्य आहे. न्यायाच्या पहिल्या वर्षातल्या पोरालाही हे पाठ असतं. दत्तूलाही असणार, फक्त घाबरला म्हणून सुचलं नाही. आणि गुरुजी? गुरुजींनी दोरा कानामागं करून वर बोट दाखवलं असतं. एका शब्दात माझं उत्तर संपलं असतं, आणि मी खराखुरा हरलो असतो.

तेच मला हवं होतं, हे तेव्हा कळलं. मला जिंकायचं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, रीत म्हणून नव्हे तर खरं हरायचं होतं. चार वर्षं हरलो आणि ते एकदाही वाट्याला आलं नाही. देव मी आजही मानत नाही. पण त्या माणसाच्या हातून हरायची एक सकाळ माझ्यासाठी राखून ठेवलेली होती, चटई अंथरून, आणि मी माधवनगरच्या स्टेशनावर जाऊन बसलो.

परवा बाईंनी पातेलं उचलून पोरांकडं नेलं तेव्हा माझा पाट मोकळा झाला. मी दोन्ही पाट ओढून समोरासमोर मांडले. डाव्यावर बसलो. गुडघे कुरकुरले. पाट डुगडुगला. खिशातून सुपारी काढून समोर ठेवली. इतकी वर्षं दाढीच्या सामानाच्या डब्यात राहून ती गुळगुळीत झालेली आहे; मिरजेला निघताना तिथून काढून खिशात टाकली होती. वर पाहिलं, चौकातून आकाशाचा चौकोन दिसत होता, तेव्हा दिसायचा तेवढाच. मी सुपारी बोटानं पलीकडे सरकवली, पितळी फुल्यांच्या पाटापाशी, आणि हळूच म्हटलं, "अंगीकृतम्."

आणि म्हणतोय तोच मनात आलं, पण शास्त्रातलं आकाश तरी डोळ्यांनी पाहिलंय कुणी? आवाज ऐकू येतो म्हणून मानलेलं, तेही अनुमानच ना? मग एका अनुमानासाठी दुसरं अनुमान साक्षीला कसं चालेल? मी घाईनं पुढं वाकलो. समोरचा पाट रिकामा होता.

"आजोबा, सुपारी खाली नका ठेवू," बाई मागून म्हणाल्या. "पोरं तोंडात घालत्यात."

मी ती उचलून खिशात टाकली आणि उठू लागलो. बाईंनी खिचडीची ताटली माझ्यापुढं धरली होती.

"हात धुतल्यात न्हवं?"

"धुतलेत," मी म्हणालो.

"मग बसा की."

मी बसलो.